बिनपगारी रजा

शनिवार, ९ ऑगस्ट

थंड पाण्याच्या नळाला चटका बसेल असं गरम पाणी येतं! मी किंचाळलेच. ओल्या केसांनी बाहेर येऊन चारुदत्तला म्हटलं, "अरे, प्लंबरनं नळ उलटे बसवलेत." तर हा आपला हसतोय. म्हणे उन्हाळ्यात इथे गच्चीवरच्या टाकीतलंच पाणी उकळतं. म्हणून गीझर बंद ठेवायचा, त्यात साठून निवलेलं पाणी गरमच्या नळाने घ्यायचं आणि तेच गार समजायचं. साडेतीन वर्षं हा माणूस इथे राहतोय, रोज व्हिडिओ कॉल करतोय, आणि एवढी मोठी गोष्ट बायकोला सांगावीशी वाटली नाही.

काल अबुधाबीला उतरलो. शहर बाजूला राहिलं आणि गाडी भलत्याच दिशेने निघाली. मी विचारलं, "अरे, त्या उंच बिल्डिंगा तिकडे आहेत ना?" तर म्हणाला, "तिथली भाडी आपल्याला झेपत नाहीत. आपण मोहम्मद बिन झायद सिटीत." मुसफ्फा नावाच्या कारखान्यांच्या भागाला लागून, वाळूत नवं नवं वसलेलं गाव आहे. गाव कसलं, रस्ते आधी आणि माणसं मागून. आमची बिल्डिंग चार मजली, समोर मोकळा प्लॉट, त्याच्या पलीकडे क्रेन. घर मात्र छान आहे. शुभ्राला स्वतःची खोली मिळाली. ती म्हणाली, "आई, धिस इज लाइक अ हॉटेल." अकरा वर्षांची होईपर्यंत चिंचवडला माझ्या कुशीत झोपली, आणि काल रात्री दार लावून घेतलं.

भाड्याचा आकडा ऐकला आणि रुपयांत करून बघितला. परत करणार नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट

वाळवंटात दिवसा कडक ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी, असं मी पंधरा वर्षं आठवीच्या मुलांना शिकवलं. साफ खोटं! संध्याकाळी बाल्कनीचं दार उघडलं तर कुणी तोंडावर ओला गरम टॉवेल दाबावा तसं झालं. चष्म्यावर वाफ धरली. समुद्राजवळ आहोत म्हणून हे, हे कळतंय मला, पण पुस्तकात तसं लिहायला काय जातं?

आज तारळेकर बाईंचा फोन आला. आमच्या मुख्याध्यापिका. गोड बोलतात, पण मुद्दा सोडत नाहीत. "वैभवीताई, दसऱ्यापर्यंतची बिनपगारी रजा मी भांडून मिळवून दिली. पुढे मला एका वाक्यात सांगायचं. येताय की राजीनामा." माझ्या जागी तासिका तत्त्वावर सोनम नावाची मुलगी घेतलीय. तिलाही कायम व्हायचंय. साहजिक आहे.

मी चारुदत्तला सांगितलं. तो म्हणाला, "देऊन टाक ना राजीनामा. साडेतीन वर्षं एकटा राहिलो, आता पुरे. शुभ्रा, तू, मी. खलास." हे खलास मला नवीन. इथे सगळं असंच मिटवतात वाटतं.

मी म्हटलं, दसऱ्यापर्यंत बघू. पंधरा वर्षांची नोकरी आहे, गॅसचं बटण नव्हे.

रविवार, २४ ऑगस्ट

गणपती आणायला बर दुबईला गेलो. दीड तासाचा रस्ता. मीना बाजारच्या मागच्या गल्लीत शिरलो आणि मला तर चक्करच आली. झेंडू, केळीची पानं, दूर्वा, शाडूच्या मूर्ती, आणि एक बाई "वहिनी, पेणचा आहे, पेणचा" म्हणून ओरडतेय! परदेशात आलेय की मंडईत? खाडीपलीकडे जाणाऱ्या होडीत, अब्रा म्हणतात तिला, बसून मी मूर्ती मांडीवर घेतली होती. शेजारी एक पठाणी माणूस. त्याने आपण होऊन सरकून जागा दिली आणि मूर्तीवर पाणी उडू नये म्हणून हात आडवा धरला. मी त्याला शुक्रिया म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द सिनेमाबाहेर वापरला.

परतताना एका पुलावरून आलो, तो फोनमधल्या नकाशात नव्हताच. बाण बिचारा पाण्यात पोहत होता. चारुदत्त म्हणाला, "इथे नकाशा रस्त्याच्या मागे मागे पळतो." भूगोलाच्या बाईला आणखी किती धक्के द्यायचे ते द्या.

गुरुवार, २८ ऑगस्ट

दीड दिवसाचा गणपती. बाल्कनीत बादलीत विसर्जन केलं. बादलीतलं पाणीही कोमट. रडू आलं आणि हसूही.

शेजारच्या मैमुनाबी मोदक घेऊन गेल्या. त्या मूळच्या दापोलीच्या, इथे पंचवीस वर्षं झाली. नवऱ्याचं मुसफ्फाला गॅरेज आहे. दार उघडल्याबरोबर माझ्याशी मराठीत बोलल्या तेव्हा मी त्यांना मिठीच मारली. म्हणाल्या, "नारळ ताजा मिळाला की फ्रोझन?" फ्रोझन म्हटल्यावर मान हलवली. "कळतंय."

चारुदत्तनं ऑफिसातल्या पाच-सहा जणांना आरतीला बोलावलं होतं. कुणी आलं नाही. म्हणाला, ऑफिसमध्ये सध्या मीटिंगवर मीटिंग चालू आहेत, मोठं कॉन्ट्रॅक्ट आहे. बरं आहे, कामं आहेत म्हणायची.

गुरुवार, ४ सप्टेंबर

आज हे महाशय दुपारीच घरी! हातात खोका. त्यात त्याचा ऑफिसातला मग, आमच्या तिघांचा फोटो, टेबलावरचा छोटा गणपती आणि मी मागच्या वर्षी पाठवलेलं लोणचं, अर्धी बरणी. मी म्हटलं, "हे काय, बिऱ्हाड घेऊन आलास?" म्हणाला, "सीटिंग बदलतायत. नव्या फ्लोअरवर जागा होईपर्यंत सामान घरी न्या म्हणाले." काय ती शिस्त! आमच्या स्टाफरूममध्ये निवृत्त झालेल्या सरांच्या डस्टरला दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता.

तो मग चांगला जाड आहे. मी त्यात चहा घेतला.

डोकं दुखतंय म्हणाला. आठ वाजताच झोपला, म्हणजे आडवा झाला. शुभ्रानं हाक मारली तर ओ दिली लगेच.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज तळपायाची आग मस्तकात गेलीय. शांतपणे लिहिते.

सकाळी चहा देताना सहज म्हटलं, "दसऱ्याची वाट कशाला बघायची, आजच राजीनाम्याची मेल टाकू का?" तर हा खुर्चीतून उठलाच. "नको. घाई नको. रजा वाढवून माग." मी म्हटलं, "अरे, तूच ना मागच्या महिन्यात खलास म्हणत होतास?" तर म्हणतो, "तेव्हा वेगळं होतं." काय वेगळं होतं? तेव्हा मी नुकती आले होते, आता महिना झाला, हे वेगळं? साडेतीन वर्षं रोज रात्री "ये, ये, ये" म्हणून कानीकपाळी ओरडलास. आईंच्या गुडघ्यांची व्यवस्था लावून, त्यांना नणंदेकडे ठेवून, शुभ्राची शाळा सोडवून, घराला कुलूप लावून मी आले, आणि आता परतीची दोरी तुटू नये म्हणून तूच धरून ठेवतोयस?

हे सगळं मी बोलले. तो म्हणाला, "वैभवी, प्लीज." आणि डबा घेऊन गेला.

डबा! हे आणखी एक. आजवर ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवायचा. आता म्हणतो, "डबा दे, कँटीनचं सोसत नाही." तूप लावून तीन पोळ्या, भाजी, कोशिंबीर. रिकामा डबा पुसल्यासारखा स्वच्छ येतो. माझ्या हातचं आवडतं आणि मी आवडत नाही, असं आहे का काही?

मंगळवार, १६ सप्टेंबर

कंपनीच्या वेळा बदलल्या की काय, कळत नाही. पूर्वी कॉलवर म्हणायचा, आठ वाजले, नऊ वाजले. आता साडेपाचला दारात. एक मिनिट इकडेतिकडे नाही. शर्ट मात्र घामाने भिजलेला असतो, धुवायला टाकताना आंबट वास येतो. मी म्हटलं, तुमच्या ऑफिसच्या एसीचं काय झालं? म्हणाला, नव्या फ्लोअरचं काम अर्धवट आहे. इथे मशिदी, मॉल, बसस्टॉपसुद्धा गार आणि एवढ्या मोठ्या कंपनीचा एसी चालत नाही! तक्रार करा म्हटलं. नुसता हसला.

आज लिफ्टमध्ये मैमुनाबी भेटल्या. जरा घुटमळल्या. म्हणाल्या, "भाईंची तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, उत्तम. मग म्हणाल्या, "गाडी खाली बेसमेंटमध्ये असते दिवसभर, म्हणून म्हटलं." मी कधी बेसमेंटमध्ये गेलेच नाही. तिथे फार उकडतं म्हणून चारुदत्त मला दारासमोर उभं करतो आणि गाडी वर घेऊन येतो.

संध्याकाळी विचारलं. तो म्हणाला, "अगं, ऑफिसातला प्रणव पिकअप करतो. पेट्रोल अर्धं अर्धं." बघा! मी मैमुनाबींना मुद्दाम जाऊन सांगितलं की आमचे हे कारपूल करतात. त्या म्हणाल्या, "हो का. अच्छा." आणि एकदम मला पापलेटचे दोन तुकडे देऊ केले. मी शाकाहारी आहे हे त्यांना माहीत आहे. मग म्हणाल्या, "मग थांबा, गूळ देते, गावचा आहे." लोक प्रेमळ आहेत फार.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

नवरात्र चालू आहे. घट इथेही बसवला. वाळूत धान्य उगवेल का, ही शंका होती. शंका फिटली. शुभ्रा शाळेच्या प्रोजेक्टसाठी रोज अंकुर मोजते आणि फोटो काढते. "आई, गॉडेस इज बेसिकली फार्मिंग," म्हणाली. हसू आवरेना. चारुदत्तसुद्धा हसला. कितीतरी दिवसांनी.

पण मी त्याला हसताना बघितलं आणि दचकले. गालफडं बसलीत. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय. हे कधी झालं? रोज समोर बसतो आणि मी बघितलं नाही. भांडणात माणसाचा चेहरा दिसत नाही हेच खरं.

लिहू की नको असं झालंय, पण इथे नाही लिहिणार तर कुठे? एकटा राहिलेला माणूस. साडेतीन वर्षं. बाल्कनीत दार लावून घेऊन हळू आवाजात फोनवर बोलतो. मी दार उघडलं की "ओके सर, थँक यू सर" म्हणून ठेवतो. दर वेळी सर कसे असतील? मनात आलं ते आलं. शी! मलाच माझी लाज वाटली. पण मग राजीनाम्याला एवढा विरोध का? मी इथे कायमची राहू नये असं त्याला का वाटतं?

मंगळवार, ३० सप्टेंबर

पुन्हा भांडण. शुभ्रा इअरफोन लावून खोलीत गेली.

मी सरळ विचारलं, "मी इथे राहावं असं तुला वाटतं की नाही? हो किंवा नाही."

तो म्हणाला, "वाटतं."

"मग राजीनामा देऊ?"

"नको."

"का?"

"सहा महिने थांब. इन्शाल्ला सगळं सांगेन."

इन्शाल्ला काय, इन्शाल्ला! गंडा बांधून घेतलाय का या शब्दाचा? इथे दुकानदार, ड्रायव्हर, शाळेतली बाई, सगळे इन्शाल्ला म्हणतात आणि काम होतच नाही. आता नवरासुद्धा.

तारळेकर बाई सहा महिने थांबणार नाहीत. सोनम तर मुळीच थांबणार नाही. माझं ठरलं. एक पाय तिथे आणि एक पाय इथे ठेवून संसार होत नाही. मी दोन्ही पाय इथे ठेवले की यालाही कळेल की बायको पाहुणी म्हणून आलेली नाही. जे काय असेल ते मग समोरासमोर. त्याला सांगणार नाही, दसऱ्याला करून टाकणार. सीमोल्लंघनच ते.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटायचं नाही.

सकाळी पूजा झाली. दोन्ही लॅपटॉप, गाडीची किल्ली, शुभ्राची वह्या-पुस्तकं, माझा जगाचा नकाशा, सगळ्याला हळदकुंकू वाहिलं. आपट्याची पानं मिळाली नाहीत, शुभ्रानं कागदाची केली. आईंचा व्हिडिओ कॉल आला. चारुदत्तला बघितल्याबरोबर त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "अरे, काय झालंय तुला? वैभवी, याच्याकडे बघ जरा. मोठ्या देशात गेलात, सगळ्यांच्या डोळ्यांवर आलात. दृष्ट काढ याची. आजच्या आज, वेळ बघत बसू नकोस." हा म्हणाला, "आई, काहीतरीच काय." आणि डबा घेऊन प्रणवच्या गाडीसाठी खाली गेला. शुभ्रा बसने शाळेत गेली.

मी माझा लॅपटॉप उघडला. मेल परवाच लिहून ठेवली होती. देवाला नमस्कार केला आणि पाठवली. पंधरा वर्षं, एक टिचकी. बरं वाटलं. श्रीखंडाला चक्का टांगलेला होता, तो फेटायला घेतला.

मग आईंचं बोलणं आठवलं. माणूस ऑफिसात असला तर त्याच्या अंगावरच्या कपड्यावरून काढतात, आमच्याकडे तशी पद्धत आहे. त्याचा कालचा शर्ट घेतला. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या मुठीत घेऊन शर्टावरून ओवाळल्या. आल्यागेल्याची, घरच्या-दारच्याची, जी काय लागली असेल ती जळून जाऊ दे. इथे गॅस नाही, विजेची शेगडी. तवा ठेवला, वर सगळं टाकलं.

वासच येईना! ठसका नाही, काही नाही. आई म्हणतात, मिरच्यांचा खाट उठला नाही तर दृष्ट जबर लागलीय समजायचं. मी आणखी मूठभर मिरच्या टाकल्या आणि शेगडी मोठी केली.

आणि मग उठला. बाई गं! डोळे, नाक, घसा, काही शिल्लक राहिलं नाही. खिडकी इथे चार बोटंच उघडते. मी तडक जाऊन घराचं दार सताड उघडलं. चिंचवडला आम्ही असंच करायचो, जिन्यात वारा असतो. इथे जिन्यात वारा नाही, धुराचं यंत्र आहे.

सायरन. असा सायरन मी जन्मात ऐकला नाही. लाल दिवे, इंग्रजीत आणि अरबीत घोषणा, सगळी दारं उघडली, माणसं बाहेर. लेकरं, म्हाताऱ्या, एक जण तर तोंडाला साबण लावलेला. मैमुनाबींनी माझा हात धरला आणि जिन्याने खाली ओढलं. जिन्यात सगळे खोकतायत. मी शेगडी बंद केली होती, हे ओरडून सांगत होते, पण ऐकतो कोण? पाच मिनिटांत अख्खी बिल्डिंग समोरच्या प्लॉटवर उन्हात उभी आणि मी त्यांच्यात मान खाली घालून. हातात तो शर्ट तसाच.

एवढ्यात बेसमेंटच्या उतारावरून एक माणूस पळत वर आला. पायात बूट नाहीत, नुसते मोजे. शर्ट बाहेर आलेला, केस पिंजारलेले. तो आमच्याकडे न बघता सरळ दारात घुसला आणि जिन्याकडे धावला. सगळे बाहेर येतायत आणि हा एकटा आत. "वैभवी! वैभवी!" म्हणून ओरडत होता.

मी म्हटलं, हा आवाज तर चारुदत्तचा. आणि मला खरंच वाटलं, याला ऑफिसात कळलं कसं इतक्या लवकर? पाऊण तासाचा रस्ता आहे.

मैमुनाबी किंचाळल्या, "ताई, भाई वर चाललेत, थांबवा त्यांना!" मी पळाले. तोवर वॉचमन आणि दुसऱ्या एकाने त्याला दोन्ही खांद्यांना धरून बाहेर आणलं होतं. तो त्यांना ढकलत होता, "मेरी बीवी ऊपर है" म्हणत होता. मी समोर उभी राहिले. त्याने माझे दंड धरले, इतके घट्ट की अजून दुखतायत, आणि रडायला लागला. सगळ्यांसमोर. लग्नाला चौदा वर्षं झाली, मी त्याला रडताना बघितलं नव्हतं.

मी विचारलं, "तू इथे कसा?"

मी त्याच्या मोज्यांकडे बघितलं. मग मैमुनाबींकडे. त्यांनी मान फिरवली. वॉचमनने पण. आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. मी एकटी ढ.

आगीचा बंब आला. तगडे अधिकारी वर जाऊन खोकत खाली आले. एक स्थानिक अरब होता, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. "मॅडम, क्या पकाया?" मी म्हटलं, "पकाया नहीं, नजर उतारी." शर्ट दाखवला. त्याने शर्ट बघितला, मग चारुदत्तला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि अगदी गंभीरपणे मान हलवली. "ऐन," म्हणाला, आणि बोटाने डोळा दाखवला. "हमारा मम्मी भी. लेकिन दरवाजा बंद, मॅडम. यल्ला, सब लोग ऊपर." एवढंच. मला वाटलं होतं आता तुरुंग.

लोक वर गेले. मी चारुदत्तला म्हटलं, "चल, दाखव मला."

बेसमेंट म्हणजे भट्टी आहे. कोपऱ्यात खांबाआड आमची गाडी. मागच्या सीटवर उशी, पाण्याची मोठी बाटली, त्याचे बूट, लॅपटॉप आणि माझा डबा. अजून न उघडलेला. मी पुढच्या सीटवर बसले. त्याने एसी लावला, मग सवयीने लगेच बंद करायला गेला. मी त्याचा हात बाजूला केला.

चार सप्टेंबरलाच गेली होती नोकरी. कॉन्ट्रॅक्ट हातचं गेलं, बेचाळीस माणसं एका सकाळी. म्हणून खोका. प्रणवचीही गेली, तो तर त्याच आठवड्यात नागपूरला परत. या महिन्याअखेर व्हिसा रद्द होणार, मग काही दिवसांची मुदत, तेवढ्यात दुसरं काही मिळालं तर ठीक, नाहीतर तिघांनी चालू पडायचं. रोज सकाळी इथे येऊन बसायचा आणि अर्ज करायचा. "मॉलमध्ये का नाही बसलास, गार तरी असतं," मी विचारलं. म्हणाला, "तिथे ओळखीचं कुणी भेटलं असतं. आणि इथून तू वर आहेस असं वाटायचं."

मी भांडले. खूप भांडले. गाडीच्या काचा बंद होत्या, बरं झालं. "मला परकी समजलास? मी तुझ्याबद्दल काय काय मनात आणलं, तुला कल्पना आहे? एका घरात राहून महिनाभर खोटं बोलायला जीभ कशी वळते माणसाची?"

तो ऐकत होता. मग म्हणाला, "तू सगळं सोडून आलीस गं. आल्याबरोबर कसं सांगू? एकच धीर होता, की तुझी नोकरी अजून शाबूत आहे. म्हणून तर मी रोज तुला अडवत होतो." आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पाठवला नाहीस ना राजीनामा?"

त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं मी.

"नाही," म्हटलं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सकाळी तो शुभ्राच्या बसपर्यंत गेला तेवढ्यात मी तारळेकर बाईंना फोन लावला. म्हटलं, "बाई, मी जरा घाईच केली. कालची मेल मागे घेता येईल का?" त्या म्हणाल्या, "अहो, आधी सांगायचंत. मेल आली तेव्हा व्यवस्थापनाचे लोक शाळेतच होते, सरस्वतीपूजनाला. चांगला दिवस म्हणून लगेच मंजूर केली आणि तिथल्या तिथे सोनमच्या हातात नेमणुकीचं पत्र दिलं. पोरगी रडली हो आनंदाने. आता मी कुठल्या तोंडाने परत मागू?" मी म्हटलं, "नाही, नका मागू. तिला माझं अभिनंदन सांगा." त्या म्हणाल्या, "तुमचं कसं चाललंय तिकडे? मजा आहे ना?" मी म्हटलं, मजा आहे.

फोन ठेवला. काल गाडीत बसून त्याला काय काय बोलले मी. जीभ कशी वळते म्हणे! अशी वळते. काही लागत नाही तिला.

आज सांगेन. शुभ्रा शाळेतून यायच्या आत सांगेन, असं ठरवून उठले.

चारुदत्त परत आला तो शीळ घालत. काल रात्री घोरत होता, महिन्याने. त्याने शेगडी स्वतः घासली, तवाही घासला. मैमुनाबींचा नवरा एका कॉन्ट्रॅक्टरकडे शब्द टाकणार आहे, सोमवारी भेटायला बोलावलंय. मग माझ्यासमोर बसून दोन पोळ्या श्रीखंडाशी खाल्ल्या, आणखी एक मागितली. मी वाढली.

"मिळालं तर मिळालं," तो म्हणाला. "नाहीतर सरळ चिंचवड. दिवाळीनंतर तू शाळेत जायला लागलीस की मी बघेन काहीतरी. तुझी नोकरी आहे ना, म्हणून झोप तरी लागली मला."

मी तोंड उघडलं होतं. तो वाटीत राहिलेलं श्रीखंड बोटाने पुसून घेत होता.

"आहे की," मी म्हटलं, आणि वाटी विसळायला घेऊन गेले.